करमाफीचा डांगोरा आणि बिडीमागचा अर्धा पैसा



सरकारने कर कमी केला, की लोकांनी टाळ्या वाजवावयाच्या, अशी आपल्या देशात रीतच पडून गेली आहे. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की नव्या पद्धतीने आयकर भरणाऱ्याला वर्षाच्या बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर द्यावा लागणार नाही, आणि ह्यापायी सरकार सुमारे एक लाख कोटी रुपयांवर पाणी सोडीत आहे. सभागृहात बाके वाजली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वस्तू व सेवा कराचे दर खाली आले, तेव्हा दुकानादुकानांवर फलक लागले. आपल्याही वस्तीत काही घरी आनंद झाला. आनंद होण्यास माझी हरकत नाही. परंतु टाळी वाजविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. कर कोणाचा कमी झाला? आणि जो पैसा तिजोरीत यावयाचा राहिला, त्यापायी कोणाचे काय बंद पडले? हे प्रश्न आपण विचारले नाहीत, तर ते आपल्यासाठी दुसरे कोणीही विचारणार नाही.

प्रथम त्या टोमण्याकडे वळू, जो महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना हटकून ऐकावा लागतो. शिष्यवृत्तीचा अर्ज हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलाला शेजारचा मुलगा हसत हसत ऐकवितो, की आमचे वडील कर भरतात म्हणून तुमची फी भरली जाते. मूल गप्प बसते. घरी आल्यावरही सांगत नाही. कारण त्यालाही मनातून वाटू लागते, की आपण कोणाचे तरी खातो. शिकल्यासवरल्या माणसांचेही मत फार निराळे नसते. कोर्टाच्या बाररूममध्ये चहा घेता घेता एका ज्येष्ठ वकीलमित्रांनी मला विचारले, की आयकर भरणारे मूठभर आणि खाणारे सगळे, हा न्याय कुठला? मी त्यांना चहा आणून देणाऱ्या पोऱ्याकडे बोट दाखविले. तो पोऱ्या आपल्या मोबाईलचा रिचार्ज मारतो तेव्हा त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतो. वकीलसाहेबही १८ टक्केच भरतात. फरक एवढाच, की वकीलसाहेबांना आपण कर भरतो हे ठाऊक असते, पोऱ्याला नसते.

आयकर हाच काय तो कर, ही समजूत बाळगणे म्हणजे पाटाचे पाणी तेवढे पाणी आणि विहिरीचे ते पाणीच नव्हे, असे म्हणण्यासारखे आहे. अंगाच्या साबणावर, डोक्याच्या तेलावर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के कर होता. तो आता ५ टक्के झाला. सिमेंटवर २८ टक्के होता. तो १८ झाला. म्हणजे घरकुलाचे अनुदान घेऊन जो माणूस भिंत उभी करतो, त्याच्या अनुदानातील काही हिस्सा सिमेंटच्या पोत्यातून पुन्हा सरकारी तिजोरीत जातो, आणि सरकारने घर दिले हे मात्र त्याने जन्मभर ऐकून घ्यावयाचे. आपला भंडारा जिल्हा धानाचा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, छापील पिशवीतील तांदळावरही ५ टक्के कर बसला. ज्या बाईने गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणी केली, तिच्या घरचा शिध्याचा तांदूळ संपला आणि तिने दुकानातून पिशवी आणली, तर स्वतःच्याच हाताने लावलेल्या धानावर तिने कर द्यावयाचा!

ह्यातील अन्याय बाबासाहेबांनी फार पूर्वीच दाखवून दिला आहे. मुंबई कायदेमंडळात त्यांची नेमणूक झाल्यानंतर फेब्रुवारी १९२७ मध्ये अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी आयकर आणि शेतसारा ह्यांची तुलना केली. आयकर भरणाऱ्याला एका मर्यादेपर्यंत माफी असते. त्याहून कमी मिळकत असेल त्याला कोणी हात लावीत नाही. शेतसाऱ्याला मात्र तसली मर्यादाच नाही. मोठा जहागीरदार असो की एखाद्या एकराचा धनी, दर एकच. हे बोलणारा माणूस कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झालेला होता. आज शेतसाऱ्याला पूर्वीचे महत्त्व राहिलेले नाही. पण त्याची जागा वस्तूंवरच्या कराने घेतली आहे, आणि गरीब-श्रीमंतांस एकच दर लावण्याचा त्याचा स्वभाव कायम आहे.

आणि आपल्या पूर्वजांनी कर भरला नाही, असे कोण म्हणतो? मध्य प्रांतात मालगुजारी होती. मालगुजार सारा गोळा करी, सरकारचा हिस्सा सरकारला देई आणि उरलेल्यावर वाडा बांधी. गावची कोतवालकी बहुधा आपल्याच माणसाकडे असे. रात्रीची गस्त त्याने घालावयाची, निरोप त्याने पोहोचवावयाचा, साहेबाचे सामान त्याने वाहावयाचे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे चार सुपे धान, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. तिकडे मुंबई इलाख्यात तर काम वेठीचे करावयाचे आणि वर वतनाच्या जमिनीवर जुडी नावाचा कर द्यावयाचा, अशी दुहेरी लूट होती. ती जुडी वाढविण्यात आली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगावच्या परिषदेत बाबासाहेबांनी सरकारला आव्हान दिले. मालगुजारी १९५१ साली गेली. महारकीचे वतन मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने गेले. पिढ्यान्‌पिढ्या हा कर घामाच्या रूपाने भरला गेला. घामाची पावती फाडण्याची चाल नसल्यामुळे तो कोणाच्या वहीत चढला नाही, इतकेच.

पुढचा हिशेब तर आणखी जवळचा आहे. १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली. त्याबरोबर केंद्र सरकारच्या लेखी ते अनुसूचित जातीचे उरले नाहीत. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साली कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. त्या चौतीस वर्षांत बौद्धाच्या काडीपेटीवरचा, साबणावरचा, कापडावरचा अबकारी कर कोणी माफ केला होता काय? दुकानात कोणी विचारले होते काय, की तू बौद्ध झालास, तुला सवलत नाही, तेव्हा करही नको? धर्मांतर केल्याबरोबर हक्क तेवढा थांबला. कराचे चाक अखंड फिरत राहिले. तेव्हा तुमच्या मुलाला कोणी कराचा टोमणा मारला, तर त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही. आपले खाते आपल्याकडे येणे दाखविते.

येथे वकील म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना गावात त्यांची गरज पडते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता वा वसूल करता येत नाही. अनुच्छेद २३ प्रमाणे वेठबिगार हा गुन्हा आहे. आणि अनुच्छेद २७ असे सांगतो, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्ची घालावयाचा कर देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. ग्रामपंचायतीची घरपट्टी हा कर आहे. ती भरा, वेळेवर भरा आणि पावती जपून ठेवा. परंतु देवळासाठी किंवा जत्रेसाठी गावकीने फिरविलेली पट्टी हा कर नव्हे. ती वर्गणी आहे आणि वर्गणी ही खुशीची असते. ती दिली नाही म्हणून कोणी पाणी, दळण, दुकान बंद करील, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अशाच प्रसंगासाठी आहे. भांडण उकरून काढावे असे मी सांगत नाही. शेजाऱ्याच्या सणाला स्नेहाने कोणी काही दिले तर तो त्याचा प्रश्न. परंतु कर कोणता आणि खंडणी कोणती, हे प्रत्येक घराला ठाऊक असलेच पाहिजे.

आता मोठ्यांच्या करमाफीकडे वळू. मृत माणसाच्या मागे राहणाऱ्या इस्टेटीवरील कर १९५३ साली आला आणि १९८५ साली गेला. संपत्तिकर १९५७ साली आला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपन्यांच्या आयकराचा मूळ दर, इतर सवलती सोडण्याच्या अटीवर, ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणला गेला; नव्या कारखानदारीसाठी तो १५ टक्के झाला. त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडावे लागतील, असे सरकारनेच त्या दिवशी सांगितले. कारण असे दिले गेले, की कंपन्यांच्या हाती पैसा राहिला म्हणजे त्या कारखाने काढतील, आणि कारखाने निघाले म्हणजे हातांना काम मिळेल. पुढे काय दिसते? २०२५-२६ च्या अर्थसंकल्पीय अंदाजात व्यक्तींकडून यावयाचा आयकर १४ लाख ३८ हजार कोटी आणि कंपन्यांकडून यावयाचा १० लाख ८२ हजार कोटी आहे. नोकरी करणारा माणूस देशातील सगळ्या कंपन्यांहून जास्त भार उचलतो आणि रागावतो मात्र शिष्यवृत्ती घेणाऱ्या पोरावर! इस्टेटीवरच्या कराविषयी असे म्हटले गेले, की त्याचे उत्पन्न थोडे आणि वसुलीची कटकट फार. त्यात तथ्य होते. परंतु घागर गळत असेल तर ती कल्हईवाल्याकडे नेतात, विहिरीत टाकून देत नाहीत.

मग कर वाढवीतच न्यावेत, असे माझे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. आपण ज्यांना शरण गेलो त्या तथागतांच्या वाङ्मयात ह्या प्रश्नाचा विचार आढळतो, आणि तो आजच्या अनेक अर्थपंडितांपेक्षा सरळ आहे. दीघनिकायातील कूटदंतसुत्तात राजा महाविजिताची कथा येते. राज्यात चोर-दरोडेखोर माजले होते. पुरोहित राजाला सांगतो, की अशा स्थितीत प्रजेवर आणखी कर लादणे चुकीचे होईल, आणि मारझोडीनेही उपद्रव संपणार नाही. शेतकऱ्याला बियाणे व अन्न द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला वेतन द्यावे. लोक आपापल्या कामाला लागले म्हणजे राजाचे उत्पन्नही आपोआप वाढेल. सम्राट अशोकानेही कर कमी केला होता. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी तो लुंबिनीस गेला, आणि तेथील स्तंभलेख सांगतो, की भगवंतांचा जन्म येथे झाला म्हणून ते गाव बलीतून मुक्त केले व उत्पन्नाचा आठवा भाग तेवढा ठेवला. ही कपात एका खेड्यातील कष्टकऱ्यांना मिळाली, आणि ती कोणाला व किती मिळाली हे दगडावर कोरून जाहीर केले गेले. आजची करमाफी अशी कोरून लावण्याची पाळी आली, तर पुष्कळ नावे वाचून लोक चकित होतील.

बियाणे द्या, वेतन द्या, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने एकदा करून दाखविली आहे, आणि तीही कर बसवून. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला गेली. वि. स. पागे ह्यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर पसरली. पण काम द्यावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा? १९७५ साली राज्याने व्यवसायकराचा कायदा केला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या, डॉक्टराच्या, वकिलाच्या खिशातून दरमहा थोडी रक्कम घ्यावयाची, सरकारने आपली भर घालावयाची आणि त्यातून खेड्यातील भूमिहीनाला मागेल तेव्हा काम द्यावयाचे. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ साली संसदेने देशभर कामाचा हक्क दिला तो महाराष्ट्राच्या ह्या धड्यावरून. मातीच्या त्या कामांवर घमेली उचलणाऱ्यांत आपली माणसे किती होती, हे मी तुम्हांला सांगावयास नको. त्या काळी कोणी व्यवसायकराच्या माफीचा डांगोरा पिटला असता आणि आपण टाळ्या वाजविल्या असत्या, तर आपल्याच चुलीत पाणी ओतल्यासारखे झाले असते.

आता आपल्या जिल्ह्यातील गोष्ट, जिच्यासाठी मी मुख्यतः हा लेख लिहिण्यास बसलो.

भंडारा-गोंदियाच्या खेड्यांत तेंदूपत्ता आणि बिडी ह्यांवर कितीतरी घरे जगली. उन्हाळ्यात पत्ता तोडावयाचा, आणि वर्षभर अंगणात सूप मांडीवर घेऊन बायकांनी बिड्या वळावयाच्या. हजार बिड्या म्हणजे सराईत बाईचाही जवळजवळ पूर्ण दिवस जातो. संध्याकाळी माल घेऊन गेले, की तपासणारा त्यातून छाट काढणार. छाट म्हणजे नापास बिड्या. त्यांचे दाम मिळत नाहीत आणि बिड्याही परत मिळत नाहीत. अनुच्छेद २६५ ची आठवण मला ह्या छाटीपाशी नेहमी येते, कारण कायद्याशिवाय वसूल होणारा ह्याहून उघडा कर मी पाहिलेला नाही. ह्या कामगारांना संघटित करण्याचे काम कामठीच्या बाबू हरदास एल. एन. ह्यांनी केले. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, आपल्यातून निघून गेले. ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द रुजविणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. बिडी कामगारांचे पुढारी म्हणून ओळखणारे आपल्यात कमीच.

१९७६ साली संसदेने बिडी कामगारांसाठी दोन कायदे केले. एकाने तयार बिडीवर उपकर बसविला. दुसऱ्याने त्या पैशाचा कल्याणनिधी उभा केला. त्या निधीतून कामगारांसाठी दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या, घर बांधण्यास मदत मिळाली. उपकर किती? शेवटी शेवटी तो हजार बिड्यांमागे ५ रुपये होता. म्हणजे एका बिडीमागे अर्धा पैसा. ओढणाऱ्याला तो जाणवत नव्हता, कारखानदाराला त्याने भिकेस लावले नव्हते. पण तो ज्या बाईने बिडी वळली तिच्या नावाचा पैसा होता. सरकारी तिजोरीत जाणारी दुसरी एकही रक्कम अशी नव्हती, जिच्याकडे बोट दाखवून त्या बाईला म्हणता येईल, की ही माझी आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि अनेक उपकरांबरोबर हा अर्धा पैसाही रद्द झाला. बिडीवर २८ टक्के कर बसला. तो सगळा सर्वसाधारण तिजोरीत जाऊ लागला. कल्याणयोजना बंद केल्या नाहीत, त्या आता अर्थसंकल्पातून चालतात, असे उत्तर देण्यात येते. ते खरे आहे. परंतु ज्याने कायदा वाचला आहे त्याला ह्यातील फरक सांगावा लागत नाही. उपकर आणि निधी असतो तेव्हा कामगार लोकसभेला सांगू शकतो, की माझ्या नावाने इतके जमा झाले, इतके खर्च झाले, उरलेले कोठे आहे? निधीचा पाया गेला म्हणजे त्याला दरवर्षी अर्थमंत्र्यांच्या दारात उभे राहून विचारावे लागते, की यंदा किती द्याल? पहिला हक्क आहे, दुसरी याचना आहे.

आणि आता ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्के आणि तेंदूपानावरचा १८ वरून ५ टक्के करण्याचे ठरविले. बिडी उद्योगातील मजुरांना ह्यामुळे दिलासा मिळेल, असे म्हटले गेले. डॉक्टरमंडळींनी कुरकुर केली, की तंबाखूवरचा कर उतरविणे लोकांच्या आरोग्याशी खेळ आहे. त्यांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही; बिडी ओढणाऱ्याला मारते आणि तिची धूळ वळणाऱ्याच्याही छातीत बसते. आपल्या मुलींनी हे काम पुढे चालवावे असे मलाही वाटत नाही. पण आज ज्यांचे पोट त्यावर आहे त्यांच्यापुरता हिशेब मांडू. हजार बिड्यांची करपूर्व किंमत, केवळ हिशेबाच्या सोयीसाठी, ५०० रुपये धरा. दहा टक्के कपात म्हणजे ५० रुपये. जुना कल्याण-उपकर होता ५ रुपये. कारखानदाराला आणि गिऱ्हाइकाला मिळून ५० रुपये सोडणाऱ्या सरकारला वळणाऱ्या बाईच्या नावाचे ५ रुपये परत बसविणे जड गेले असते काय? कोणी म्हणेल, कर उतरला म्हणजे बिडी स्वस्त होईल, खप टिकेल, काम टिकेल. कदाचित टिकेलही. परंतु कपातीचा कोणता हिस्सा मजुरीत जावा, ह्याविषयी त्या निर्णयात एक अक्षर नाही. मजुरी ठरविणे किमान वेतनाच्या कायद्याखाली राज्य सरकारचे काम, आणि छाट काढणे तपासणाऱ्याचे काम. कराच्या कपातीचा ह्या दोहोंशी संबंध नाही. कारखानदाराने कपात गिळली तरी त्याला विचारणारे कोणी नाही.

ह्या जिल्ह्याचा आणि बाबासाहेबांचा संबंध आपण विसरता कामा नये. १९५४ साली ते भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. त्या पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. पण त्याच वर्षी पुढे राज्यसभेत अनुसूचित जातींच्या आयुक्तांच्या अहवालावर बोलताना त्यांनी एक सूचना केली, जी ऐकून सभासद चमकले असतील. मिठावरचा जो कर स्वातंत्र्याच्या वेळी रद्द झाला, तो पुन्हा बसवावा आणि त्यातून गांधींच्या नावाने एक निधी उभारून अस्पृश्यांच्या उद्धारासाठी वापरावा! ज्या कराविरुद्ध सारा देश दांडीच्या वाटेने गेला, तो कर पुन्हा मागणे सोपे नव्हते. बाबासाहेबांनी तो मागितला, कारण त्यांचा प्रश्न कराच्या नावाचा नव्हता. करोडो माणसे मिठाच्या चिमटीमागे जे देतात ते इतके थोडे असते की कोणाला लागत नाही, आणि एकत्र केले तर इतके होते की लाखो भूमिहीनांना पायावर उभे करता येईल. बिडीमागचा अर्धा पैसा हा त्याच जातीचा विचार होता. तो आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आपल्या सभांत त्यावर एक ठराव झाला नाही. पुतळ्याच्या कठड्याच्या रंगावरून मात्र आपल्यात दोन तट पडतात.

आता आपल्यातील पगारदार मंडळींशी थोडे स्पष्ट बोलतो. जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात, शाळांत, बँकांत, वीजमंडळात आपले लोक आहेत. बारा लाखांच्या उत्पन्नावर २०२५ च्या निर्णयाने वर्षाला ८० हजार रुपये वाचले, असे अर्थमंत्र्यांनीच सांगितले. ते तुमच्या कष्टाचे आहेत, त्यांचा उपभोग घ्या. पण तुम्ही ज्या शिष्यवृत्तीवर शिकलात, ती १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली, आणि तीही कुणाच्या तरी करातूनच आली होती. सरकारी शाळेत मास्तर नाही, सरकारी दवाखान्यात औषध नाही, अशी स्थिती झाली म्हणजे तुमचे वाचलेले ८० हजार खासगी शाळेच्या फीत आणि खासगी इस्पितळाच्या बिलात जातील. आणि ज्या तुमच्या भावकीतील माणसाकडे ८० हजार नाहीत, त्याचे मूल शाळेबाहेर राहील. नोकरदारांच्या संघटना आयकराची मर्यादा वाढवा म्हणून दरवर्षी निवेदने देतात. त्या निवेदनाच्या शेवटी शिष्यवृत्ती वेळेवर द्या, एवढी एक ओळ घालण्यास किती शाई लागते?

तिजोरीत पैसा आला म्हणजे तो आपल्यापर्यंत पोहोचतोच असेही नाही. १९७९-८० पासून योजनाखर्चातील लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा अनुसूचित जातींसाठी वेगळा ठेवण्याची पद्धत आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के आहे. पण मे २०२५ मध्ये काय झाले? सामाजिक न्याय विभागाचा शेकडो कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळविला गेला, आणि त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट ह्यांनीच जाहीर नापसंती व्यक्त केली. योजनेच्या लाभार्थींत अनुसूचित जातीच्या भगिनीही आहेत, असे समर्थन करण्यात आले. त्या भगिनींना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? परंतु सर्वांसाठी असलेली योजना सर्वांच्या पैशातून चालवावी. वसतिगृहाचा पैसा घेऊन ती चालवू नये. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली ह्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. कर्नाटकाच्या कुंपणात प्रथम एक पळवाट ठेवलेली होती, ती पुढे काढावी लागली. म्हणून महाराष्ट्रातील चळवळ जो कायदा मागते आहे, त्याचे प्रत्येक कलम आपण डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजे. बिडीच्या प्रश्नावर तर मागणी दोन ओळींची आहे: कर उतरविला आहे, तर त्यातून हजार बिड्यांमागे ५ रुपये कामगाराच्या नावाने पुन्हा स्वतंत्र निधीत जमा करा आणि दरवर्षी हिशेब संसदेपुढे ठेवा.

दिल्ली-मुंबईची उत्तरे येतील तेव्हा येतील. तोवर गावात करण्यासारखे एक काम आहे, आणि ते कोणीही करू शकेल. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च केली पाहिजे, असा नियम आहे; जिल्हा परिषदेसाठी हे प्रमाण २० टक्के आहे. ह्या उत्पन्नात तुम्ही भरलेली घरपट्टी आणि पाणीपट्टीही आहे. किती ग्रामपंचायतींत हा पैसा खरोखर आपल्या वस्तीवर खर्च होतो आणि किती ठिकाणी तो गावच्या वेशीच्या कमानीत किंवा दिव्यांच्या खरेदीत जिरतो, हे एका कागदाने कळते. येत्या ग्रामसभेत उभे राहून मागील तीन वर्षांच्या १५ टक्के निधीचा जमाखर्च वाचून दाखविण्याची मागणी करा व ती कार्यवृत्तात लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेही लागत नाही, कार्डाची प्रत मात्र जोडावी. पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. न आल्यास त्यापुढील तीस दिवसांत पहिले अपील करता येते.